हापशीभोवतीचं सारवण

आमच्या घरी पावसाळ्यात दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या, गळणारं छप्पर आणि हगवण. छपराखाली भांडी ठेवता यायची, दुसरीला काही उपाय नव्हता. घरात एकाला सुरू झाली की चार-सहा दिवसांत सगळ्यांना, मग शेजारी, मग पूर्ण ओळीत. ओळ म्हणजे केळापूर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या उतारावरची शेवटची सोळा-सतरा घरं. ओळीच्या तोंडाशी हापशी, आणि हापशीच्या वरच्या अंगाला आठ-दहा पावलांवर गुणवंतरावांचा उकिरडा. त्यांच्या गोठ्यातल्या वीस-बावीस जनावरांचं शेण, मूत, खाऊन उरलेला कडबा वर्षभर तिथे पडायचा आणि उन्हाळ्यात खत म्हणून शेतात जायचा. पावसात त्या ढिगाचं काळपट पाणी हापशीला वळसा घालून आमच्या दारांवरून नाल्यात उतरायचं. आम्ही पोरं त्यातूनच अनवाणी शाळेत जायचो. किळस कुणालाच वाटत नव्हती. आमच्या ओळीला वास येतो, हे मला यवतमाळला होस्टेलवर राहून पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा कळलं.

बाबा गुणवंतरावांकडेच सालानं, वर्षाच्या बोलीवर, कामाला होते. आई कापूस वेचायला, सोयाबीन कापायला रोजानं जायची. घर मोठीमायच्या हातात असायचं. मोठीमाय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, गिरजाबाई. मोठे बाबा लवकर गेले, तिला मूल झालं नाही, ती आमच्यातच राहिली. पहाटे उठून ती गुणवंतरावांकडे शेणपुंजा करायला जायची. गोठ्यातलं शेण हातानं गोळा करायचं, टोपल्यात भरून डोक्यावरून उकिरड्यावर टाकायचं, गोठा झाडायचा, उरल्या शेणाच्या गोवऱ्या थापायच्या. मग घरी येऊन भाकरी करायची आणि दिवसभर आम्हा दोघांना सांभाळायचं, मला आणि मन्याला. मन्या माझा भाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तिनं थापलेली भाकरी तो तिच्याच हातून खायचा, आईनं भरवली तर तोंड फिरवायचा.

तो दोन वर्षांचा झाला त्या पावसाळ्यात त्यालाही हगवण लागली. दुसऱ्या दिवशी डोळे आत गेले, रडणं बंद झालं. मोठीमाय त्याला लुगड्यात गुंडाळून, पांढरकवड्याच्या दवाखान्यात न्यायला एसटीत बसली. आई वावरातून धावत आली तोवर गाडी निघून गेली होती. पांढरकवडा यायच्या आधीच तो गेला. कंडक्टरनं तिला उतर म्हटलं नाही. तीच गाडी परत फिरली आणि त्याच सीटवर, मांडीवर त्याला घेऊन, ती गावात परत आली… हे मला आईनं सांगितलं. मोठीमाय त्या प्रवासाबद्दल पुढं कधीच काही बोलली नाही.

दीड महिन्यापूर्वी सकाळी आईचा फोन आला, "मोठीमाय गेली व." मी तेव्हा यवतमाळला कामावर होते, पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्यांवर गावांची नावं लिहीत. हातातल्या बाटलीवरचं नाव पूर्ण लिहिलं, मग उठले. रडायला बसच्या वाटेत आलं. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना झाल्यावर, ओळीतल्या बायांनी तिच्या कष्टांबद्दल, तिच्या फटकळ तोंडाबद्दल सांगितलं. मलाही बोला म्हणाले. मी चार वाक्यं बोलून बसले. जे बोलायला हवं होतं ते तिथे जमलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मोठीमाय स्वच्छतेची भारी कडक होती. जगाचं शेण काढणारी बाई, पण तिच्या अंगणात काडी सापडायची नाही. आमच्या ओळीला वरच्या गल्लीतले लोक काय म्हणायचे, ते तिनं लग्न होऊन आल्यापासून ऐकलं होतं. तिच्या माहेरीही तेच. त्यामुळे कुणाला नाक मुरडायला जागा ठेवायची नाही, हा तिचा पण होता. हापशीचा ओटा बसवला तेव्हाच कच्चा होता, दोन-तीन वर्षांत त्याला भेगा गेल्या. मोठीमाय दर आठवड्याला भेगांमध्ये पांढरी माती भरायची आणि ताज्या शेणानं सगळा ओटा सारवून काढायची, वर बोटांनी अर्धगोल नक्षी. भीमजयंतीच्या आधी तर दोन हात. वरच्या गल्लीतली एखादी बाई आमच्या हापशीवर आली आणि "गिरजाबाई, तुमचा ओटा आमच्या चुलीपेक्षा साफ हाय" म्हणाली, तर ती गोष्ट मोठीमाय आठ दिवस सांगायची. गावात शेण म्हणजे घाण, असं कुणीच मानत नव्हतं. शेणानं जमीन बसते, धूळ बसते, माश्या कमी होतात. हे खरंही आहे. पण ते सगळं डोळ्यांना दिसणाऱ्या घाणीबद्दल आहे.

दिसत नाही त्या घाणीबद्दल मी कॉलेजात शिकले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आमच्या ओळीतूनही पहिली. ते मी लपवत नाही, मला त्याचा अभिमान आहे, आणि तो अभिमान एकदा कसा नडला तेही सांगते. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बीएस्सी केलं. जनावराच्या आतड्यात राहणारे जंतू शेणातून बाहेर येतात, जनावराला त्यांचं काही होत नाही, पण तेच पाण्यातून लहान मुलाच्या पोटात गेले की दोन दिवसांत अंगातलं पाणी काढून घेतात. बाईंनी हे फळ्यावर लिहिलं त्या तासाला मी वहीत एक अक्षर लिहिलं नाही. मन्याचं नाव वहीत कुठे लिहिणार?

पुढे यवतमाळला पाणी तपासायच्या कामावर लागले, कंत्राटावर. पहिल्याच पावसाळ्यात तपासणीची एक बाटली गावी नेली. साधी बाटली असते. आत औषध लावलेली कागदाची पट्टी, त्यात पाणी भरायचं आणि उबेला ठेवायचं. पाण्यात आतड्यातले जंतू असतील तर दीड-दोन दिवसांत पाणी काळं होतं. आमच्या हापशीचं पाणी दुसऱ्याच दिवशी शाईसारखं झालं. बाटली ओढणीत गुंडाळून मी ग्रामसभेत गेले.

तो दिवस मला पुसता येत नाही. मी बाटली वर धरली, म्हणाले, हे आपण पितो. लोक पुढे सरकून बघायला लागले. सरपंचांनी विचारलं, "मंग हे येते कुठून, ताई?" उत्तर मला माहीत होतं, उकिरडा आणि फुटका ओटा, दोन्ही. पण समोर खुर्चीवर गुणवंतराव बसले होते आणि त्यांच्या मागे भिंतीला टेकून, जमिनीवर, बाबा. मी उकिरड्याचं नाव घेतलं नाही. ओट्याला भेगा आहेत, म्हणाले, त्यावर दर आठवड्याला शेणानं सारवतात, ते शेण भेगांतून आत मुरतं. नाव घेतलं नाही मोठीमायचं, पण सारवतं कोण हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

गुणवंतराव खुर्चीत रेलून म्हणाले, "पाहा बाप्पा, त्याइचीच शिकली पोरगी सांगून राह्यली. आपन म्हनलं असतं तं राग आला असता." मागून कुणीतरी बोललं, "गिरजाबाई, तुमच्या हातची भाकर बी तपासाले धाडा यवतमाळले." हशा झाला. मोठीमाय बायकांत बसली होती. तिनं पदर नीट केला, चप्पल घातली आणि कुणाकडेही न बघता निघून गेली. आमच्या ओळीची स्वच्छता दाखवणारा तिचा हात होता, आणि तो घाण आहे हे मी, तिच्या हातची भाकर खाऊन शिकलेल्या पोरीनं, वरच्या गल्लीसमोर सांगितलं होतं.

घरी आई चुलीजवळ बसून होती. म्हणाली, "मंग मन्याचं बी त्यातच आलं का?" ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, असं म्हटलं तर कुणाला खरं वाटेल? पण नव्हतं आलं. मी बाटलीचा विचार करत होते.

त्या दिवसापासून मोठीमायनं हापशीला हात लावला नाही आणि माझ्याशी बोलणं सोडलं. मी घरी गेले की आईला सांगायची, "तिले म्हना, जेवून घे." मी शेजारी बसलेली असायची. मी दोनदा माफी मागितली. एकदा ती कडबा तोडत होती, तोडतच राहिली. दुसऱ्यांदा म्हणाली, आईकडे बघून, "तिले म्हना, खरं हाय तं माफी कायची? आन खोटं हाय तं सांगतलं कायले?" वर्ष तसंच गेलं. मी मोठी झाले होते, पगार घेत होते, तरी गावाच्या फाट्यावर उतरले की घरी जायचं टाळत रेंगाळायचे.

पुढच्या पावसाळ्यात, चांगली झड लागलेली असताना, मी आले आणि तिनं माझ्याकडे बघून, सरळ मलाच विचारलं, "बाटली आनली काय?"

मी आणली नव्हती. म्हणाली, "मंग आन. वर्स झालं, मी हापशीले बोट लावलं नाही. आता भरून पाह्य." पुढच्या रविवारी मी बाटली नेली. पाणी तिनंच भरलं. कसं भरायचं ते दोनदा विचारलं, तोंड कुठे धरायचं, झाकण कुठे ठेवायचं. मग फडक्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवली आणि घरातल्या कुणालाही तिथे फिरकू दिलं नाही. मी तिच्यासाठी एक दिवस रजा टाकली. सोमवारी दुपारी तिनं फडकं सोडलं. काळं. मागच्या वर्षीइतकंच काळं.

ती बाटली माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "आता हे कोनाचं हाय?"

मी बाटली हातात घेऊन परत फडक्यात गुंडाळायला लागले.

"माह्या दोन बोटाचं शेन दिसलं तुले. त्याइचा डोंगर नाही दिसला? येवढी शिकली, आन गरिबाचाच हात पकडला."

"दिसला होता," मी म्हणाले. "बाबा तिथे कामाला आहेत ना."

"मी बी तिथंच जातो ना रोज. टोपलं माह्याच डोक्शावर असते." मग म्हणाली, "ते उकिरड्यावर टाकते कोन? मीच टाकतो… आन मले कोनी इचारलं नाही."

प्रयोगशाळेत आम्ही एक गोष्ट बदलतो, बाकीच्या तशाच ठेवतो आणि काय होतं ते बघतो. हे मी तीन वर्षं शिकले. तिनं ते वर्षभर अबोला धरून, कुणालाही न सांगता केलं होतं. एवढं कळायला मला बाटली दोनदा काळी व्हावी लागली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी शेणपुंजाला गेली. शेण गोळा केलं, गोठा झाडला, शेणाचा ढीग गोठ्याच्या कोपऱ्यात लावला आणि हात धुऊन निघाली. गुणवंतरावांच्या बायकोनं विचारलं, टोपली कोण उचलणार? मोठीमाय म्हणाली, "टाकाची जागा सांगा बाई, उचलतो. हापशीवर नाही टाकत." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी गुणवंतराव स्वतः गोठ्यात आले. पुढचं बोलणं बाबांनी ऐकलेलं आहे.

"गिरजा, तुले पोरीनं भरवलं का?"

"पोरगी काय भरवते, मालक. तिनं तं पह्यले मलेच पकडून देलं."

"दुसरी बाई लावीन मी."

"लावा ना. माही काय ना हाय?"

आमच्या ओळीतून दुसरी बाई गेली नाही. मोठीमायनं कुणाला अडवलं नव्हतं, पण प्रत्येक घरात कधी ना कधी कुणीतरी त्या हगवणीनं लोळलेलं होतं, दोन घरांनी तर आमच्यासारखंच लेकरू गमावलं होतं. वरच्या गल्लीतून एक जण आली, दोन दिवसांनी कंबर धरून घरी बसली. ढीग वाढला, जनावरं त्यातच बसायला लागली, सडांना शेण लागायला लागलं, डेअरीतून दूध परत यायला लागलं. बाबांना त्या दिवसांत गुणवंतरावांनी काय काय ऐकवलं ते बाबांनी आम्हाला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "वहिनी, आता बसलीच हाय तं उठू नोको." बाबा कुणाला कधी असं बोलणारे नव्हते.

बाराव्या दिवशी गुणवंतरावांच्या मुलानं ट्रॅक्टर लावला. उकिरडा उपसून गावाच्या खालच्या अंगाला, त्यांच्याच वावरात खड्डा खणून तिकडे नेला. गुणवंतराव वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्या बापानं तिथे शेण टाकलं, म्हणून ते टाकत होते. पण नवा खड्डा पाव कोस लांब होता आणि टोपली मोठीमायच्याच डोक्यावर होती. आधी दहा पावलं, आता दहा मिनिटं. साठीच्या बाईनं ते दीड वर्ष केलं, तेव्हा कुठे एक ढकलगाडी मिळाली. तिच्या मानेचं दुखणं त्याच काळातलं आहे. ते शेवटपर्यंत राहिलं.

सगळं तिथेच सुरळीत झालं असतं तर लिहायला बरं वाटलं असतं. उकिरडा हलला त्या वर्षीही बाटली काळीच झाली. मी खचले. मोठीमाय म्हणाली, "वर्सानुवर्सं मुरलेलं हाय, एका पावसात कसं निंगन?" ओट्यासाठी मी अर्ज लिहिले, ते तिनं आणि आईनं ग्रामपंचायतीत नेऊन दिले. निधी नाही, मग निधी आहे पण आमचा नंबर नाही, मग माणूस बदलला, पुन्हा नवीन अर्ज. कितीदा ते मी आता मोजत नाही. यवतमाळहून सुट्टी काढून यायचं, दुपारभर बाकावर बसायचं, शेवटच्या एसटीनं परत जायचं. एकदा मी तिला म्हणाले, राहू दे मोठीमाय, मी तुम्हा सगळ्यांना यवतमाळला घेऊन जाते. म्हणाली, "आन ओळीले? तेही नेशील का बसमधी?" पुढच्या वेळी मी पुन्हा अर्ज लिहिला.

या मधल्या वर्षांत तिनं ओळीतल्या बायांना एक सवय लावली. शेणात हात घातला की लेकराला, पिठाला शिवण्याआधी साबणानं धुवायचा. नुसत्या पाण्यानं नाही, राखेनं नाही, साबणानं. ती कुणालाही समजावून सांगत बसली नाही. तिनं लसणाच्या जाळीच्या पिशवीत साबणाची वडी घातली आणि हापशीच्या दांड्याजवळ बांधून टाकली. कुणी विसरलं की आवाज द्यायची, "काहून व, पोट्ट्याले शेन चारतं का?" नव्या सुना तिला घाबरायच्या. मी गावी जाऊन मोठमोठ्या शब्दांत जे समजावलं असतं, ते तिनं एका शिवीत बसवलं होतं. आणि घरात सारवणं तिनं सोडलं नाही. म्हणाली, "जमीन सारवीन, पन लेकराचं खानं खाली नाही ठेवाचं." मी बरं म्हणाले. तेवढं शास्त्र मला पुरेसं वाटलं.

तिला शेवटची भेटले तेव्हा ती बाजेवर टेकून बसली होती. दम लागायचा, दोन शब्दांमध्ये थांबावं लागायचं. आई बाहेर गेली तेव्हा म्हणाली, "एक इचारू का? तुले माहीत असन… मन्या माह्या हातानं गेला काय?"

इतकी वर्षं तिनं हा प्रश्न कुठे ठेवला होता, मला माहीत नाही. नाही म्हणून टाकणं सोपं होतं. दुसरी कुणी असती तर म्हणाले असते. पण माझी बाटली खरी का खोटी हे वर्षभर गप्प राहून तपासणारी बाई होती ती. मी म्हणाले, "नाही सांगता येत, मोठीमाय. उकिरडा होता, ओटा होता, पाणी होतं. कशातून गेलं ते आता कुणालाच नाही सांगता येत."

तिनं बाजेवर हात टेकून दम घेतला. मग म्हणाली, "नाही सांगता येत ना? मंग ठीक हाय." आणि मला म्हणाली, जेवून घे. सरळ मलाच.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी मी हापशीवर गेले तर जाळीत नवी वडी होती. कुणी बांधली ते विचारलं नाही. ओट्याचं सिमेंट होऊन आता तिसरं वर्ष आहे, सांडपाण्याची नाली बांधलेली आहे, पाण्यात औषध वेळच्या वेळी पडतं, पडलं नाही तर आई जाऊन भांडते. गुणवंतरावांचा उकिरडा वावरात आहे, खाली फरशी केलेली आहे, आणि बाकीच्या तीन गोठेवाल्यांनीही आपले ढीग तिकडे नेले आहेत. मागचे दोन पावसाळे आमच्या ओळीतल्या एकाही लेकराला हगवणीसाठी पांढरकवड्याला न्यावं लागलं नाही.